दम्याची औषधे देताना परिचारिकेने नेमके काय पाहावे?

प्रश्न : दुसरी पाळी, पुणे

नमस्कार. मी पुण्यात बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असल्याने औषधशास्त्र मी आतापर्यंत पाठांतरावरच निभावून नेले आहे. दम्याच्या औषधांचे गट, त्यांची कार्यपद्धती आणि दुष्परिणाम मला झोपेतून उठवले तरी सांगता येतील. परंतु वॉर्डात उभे राहिल्यावर त्या यादीतले नेमके काय उपयोगी पडते, हे मला उमगत नाही.

प्रसंग असा घडला. गेल्या आठवड्यात, थंडी अचानक वाढली त्या रात्री, पन्नाशीच्या एक बाई धाप लागल्यामुळे दाखल झाल्या. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे मी सिस्टरांच्या देखरेखीखाली त्यांना नेब्युलायझरमधून (औषधाची वाफ देणाऱ्या यंत्रातून) साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम दिले. पंधरा मिनिटांनी पाहिले तर त्यांचे हात थरथरत होते आणि नाडी 126 लागत होती. माझ्या हातून डोस जास्त गेला असे वाटून मी घाबरले. सिस्टर मात्र शांतपणे म्हणाल्या, "वाफ देण्याआधी नाडी किती होती?" ती मी मोजलीच नव्हती, त्यामुळे माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हापासून मनात प्रश्न आहे की, प्रत्येक औषधाखाली "परिचारिकेने घ्यावयाची काळजी" म्हणून जे दहा-बारा मुद्दे आम्ही लिहितो, त्यांतले रुग्णाच्या खाटेपाशी खरोखर कोणते करायचे असतात आणि ते कशासाठी? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद 1 : जुनी वॉर्डसिस्टर

तुमच्या सिस्टरांनी विचारलेल्या त्या एका प्रश्नात अर्धे उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. दम्याच्या तीव्र झटक्यात नाडी मुळातच वाढलेली असते. ती 120 च्या वर जाणे, श्वासाची गती मिनिटाला 30 च्या पुढे जाणे आणि रुग्णाला पूर्ण वाक्य न बोलता एकेक शब्द तोडून बोलावा लागणे, ही झटका गंभीर असल्याची लक्षणे आहेत. साल्ब्युटामॉलनेही नाडी वाढते. आता तुमच्या हातात फक्त 126 हा आकडा असेल, तर तो आजाराचा की औषधाचा, हे तुम्ही कशावरून ठरवणार? आधीची नाडी 104 होती, श्वास 32 वरून 24 वर आला, बाई आता वाक्य पूर्ण करू लागल्या आणि नाडी 126 झाली, असे तुमच्या कागदावर असेल, तर तो औषधाचा परिणाम आहे आणि थोड्या वेळाने ओसरेल. नाडी आणि श्वास दोन्ही चढत असतील, तर औषध पुरे पडत नाही आणि डॉक्टरांना लगेच बोलवायला हवे. म्हणून वाफ लावण्यापूर्वी आणि संपल्यावर नाडी, श्वासाची गती, ऑक्सिजनचे प्रमाण, छातीतील आवाज आणि बोलण्याची पद्धत या पाच गोष्टी वेळेसह लिहायच्या. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

साल्ब्युटामॉल श्वासनलिकेभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करते. त्याचा परिणाम पाच मिनिटांत जाणवू लागतो आणि साधारण चार ते सहा तास टिकतो. हात थरथरतात, कारण शरीराच्या इतर स्नायूंवरही तशाच प्रकारची ग्राहके (औषध जिथे चिकटून काम करते त्या जागा) असतात. हे रुग्णाला आधीच सांगून ठेवले, तर तो घाबरत नाही आणि पुढच्या वेळी औषध नाकारत नाही. तीव्र झटक्यात पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी डोस दिला जातो, आणि असे वारंवार दिल्यावर रक्तातील पोटॅशियम उतरते. रुग्ण लघवीच्या गोळ्या घेत असेल किंवा सोबत स्टेरॉइड चालू असेल, तर ते आणखी उतरते. त्यामुळे हृदयविकार असलेल्या वयस्कर रुग्णाच्या बाबतीत रक्ततपासणीचा अहवाल आला की तो आपल्या नजरेखालून गेलाच पाहिजे. डॉक्टर पाहतील म्हणून सोडून देऊ नये.

इप्राट्रोपियम हळू चढते, परंतु तीव्र झटक्यात साल्ब्युटामॉलला चांगली जोड देते. तोंड कोरडे पडते, हे सगळेच लिहितात. परीक्षेत क्वचित लिहिली जाणारी पण खाटेपाशी महत्त्वाची गोष्ट म्हणजे डोळे. मास्क नाकाशी सैल बसला, तर वाफ थेट डोळ्यांत जाते आणि काचबिंदूच्या रुग्णाचा त्रास एकदम बळावू शकतो. म्हणून काचबिंदू आहे का, हे विचारावे आणि असल्यास मास्कऐवजी तोंडात धरायची नळी वापरावी. वयस्कर पुरुषांना लघवी अडकण्याचा त्रास आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

आता वाफ देण्याविषयी. रुग्णाला बसते करावे. आडवे झोपवून वाफ देऊ नये. औषध पातळ करायचे झाल्यास ते सलाइननेच करावे, डिस्टिल्ड वॉटर वापरू नये, कारण साध्या पाण्याच्या तुषारांनी श्वासनलिका उलट अधिक आवळू शकते. साल्ब्युटामॉल प्लास्टिकच्या लहान कुपीत 2.5 मिलिलिटरमध्ये 2.5 मिलिग्रॅम असे येते, आणि बाटलीतील द्रावण मात्र दर मिलिलिटरला 5 मिलिग्रॅम असते. एखादीने सवयीने बाटलीतूनही अडीच मिलिलिटर काढले, तर डोस पाच पट होतो. लेबल वाचायचे म्हणजे केवळ नाव वाचायचे नाही, आकडाही वाचायचा. तीव्र झटक्यात शक्यतो ऑक्सिजनवर, मिनिटाला 6 ते 8 लिटर प्रवाहाने वाफ द्यावी, कारण साल्ब्युटामॉल दिल्यानंतर रक्तातील ऑक्सिजन काही काळ किंचित घसरू शकतो. मोठ्या माणसात ऑक्सिजनचे प्रमाण 93 ते 95 टक्के आणि लहान मुलांत 94 ते 98 टक्के राहील इतपत ऑक्सिजन द्यावा. उगाच शंभर टक्क्यांच्या मागे लागू नये.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते. छातीतली शिट्टी थांबली म्हणजे रुग्ण बरा झाला, असे धरून चालू नका. शिट्टी वाजायलाही हवा आत-बाहेर जावी लागते. रुग्ण थकलेला, गुंगीत आणि छाती मात्र शांत, हे सगळ्यांत वाईट लक्षण आहे. तीव्र झटक्यात रुग्ण वेगाने श्वास घेत असल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी असायला हवा. अहवालात तो "नॉर्मल" दिसला, तरी तो थकव्याचा इशारा असतो. रुग्ण अस्वस्थ आहे म्हणून झोपेचे इंजेक्शन मागणारे नातेवाईक भेटतील. ते द्यायचे नसते. श्वास घेण्याचे उरलेसुरले बळही त्याने जाते.

स्टेरॉइडबद्दल इतकेच सांगते की हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन किंवा प्रेडनिसोलोनची गोळी लवकर द्यायची असते, कारण तिचा उपयोग दिसायला निदान चार तास जातात. "सिस्टर, इंजेक्शन देऊनही धाप कमी नाही," असे नातेवाईक दहाव्या मिनिटाला म्हणतात, तेव्हा हे उत्तर तयार असावे. मधुमेह असलेल्यांची साखर या दिवसांत हमखास चढते. ती नियमित तपासावी. गोळी सकाळी आणि खाल्ल्यानंतर द्यावी, म्हणजे पोटाला आणि झोपेला त्रास कमी होतो.

प्रतिसाद 2 : पेठेतला औषधवाला

सिस्टरांनी वॉर्डातली बाजू मांडली आहे. मी काउंटरच्या अलीकडची सांगतो. शनिवार पेठेत माझे औषधांचे दुकान आहे. दिवाळीच्या फटाक्यांपासून संक्रांतीपर्यंत माझ्याकडे येणारे निम्मे दमेकरी फक्त एकच, साल्ब्युटामॉलचा, पंप मागतात : "निळा पंप द्या." त्याच कागदावर दुसऱ्या पंपाचे नाव असते, पण त्याने लगेच बरे वाटत नाही म्हणून तो घेतला जात नाही. दम्याचे मूळ श्वासनलिकेच्या सुजेत आहे आणि ती सूज ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन यांसारख्या श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडने उतरते. साल्ब्युटामॉल फक्त नळी मोकळी करते. भिंतीला ओल आली असताना वरून चुना मारत राहण्यासारखे ते आहे.

यात एक मोठा बदल झाला आहे आणि अनेक मार्गदर्शक वह्यांत तो अजून उतरलेला नाही. दम्याविषयीच्या 'गिना' या जागतिक मार्गदर्शिकेने 2019 पासून प्रौढांना आणि किशोरवयीनांना केवळ साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, अशी भूमिका घेतली आहे. वर्षाला 200 फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक पंप लागणाऱ्यांना झटक्यांचा धोका वाढतो, आणि बारा किंवा अधिक लागणाऱ्यांना मृत्यूचा. म्हणून मी नेहमीच्या गिऱ्हाइकांना दर वेळी विचारतो, मागचा पंप कधी नेला होता? परिचारिकेनेही घरी सोडताना हा प्रश्न विचारावा, असे मला वाटते.

दीर्घकाळ काम करणाऱ्या औषधांत फॉर्मोटेरॉल आणि साल्मेटेरॉल ही दोन नावे तुम्ही एकाच ओळीत लिहिली असतील. दोन्ही सुमारे बारा तास टिकतात. परंतु फॉर्मोटेरॉल काही मिनिटांतच काम सुरू करते, साल्मेटेरॉल हळू. त्यामुळे ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल यांचा एकत्र पंप झटक्याच्या वेळीही वापरता येतो, तसा साल्मेटेरॉलचा वापरता येत नाही. आणि दम्यात यांतले कोणतेही स्टेरॉइडच्या जोडीशिवाय एकटे द्यायचे नसते.

पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, हे तुम्ही शिकवाल. कारणही सांगा : घशात राहिलेल्या औषधाने जिभेवर पांढरा बुरशीचा थर येतो आणि आवाज बसतो. पंप स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) लावून घेतला, तर हे बरेच टळते आणि औषधही छातीत जास्त पोचते. स्पेसर सौम्य साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यावा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतीलाच चिकटते. बहुतेक जण तो पंच्याने चकचकीत पुसून ठेवतात, ही आपल्या टापटिपीची शिक्षा.

जाता जाता अडुळशाबद्दल. "आम्ही अडुळसा चालू केलाय," असे सांगून पंप बंद करणारे भेटतात. अडुळशातील व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्झिन हे आधुनिक औषध तयार झाले, हे खरेच आहे. पण ब्रोमहेक्झिन कफ पातळ करते, आवळलेली नळी सोडवत नाही.

प्रतिसाद 3 : निवृत्त डॉक्टर

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. थिओफायलिन या श्वासनलिका मोकळी करणाऱ्या जुन्या औषधाचा उल्लेख राहिला आहे, तो करतो, कारण आपल्याकडे डेरिफायलिनचे इंजेक्शन अजूनही सर्रास दिले जाते आणि रुग्णही ते नावाने मागतात. एटोफायलिन आणि थिओफायलिन यांचे ते मिश्रण आहे. आमच्या उमेदीच्या काळात अमिनोफायलिनशिवाय (थिओफायलिनचेच शिरेतून द्यायचे रूप) दम्याची रात्र सरत नसे, हे मी कबूल करतो. परंतु आज तीव्र झटक्यात ते पहिल्या फळीत नाही. उपयोगाचा डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार कमी आहे. पुस्तकांत रक्तातील पातळी दर मिलिलिटरला 10 ते 20 मायक्रोग्रॅम दिलेली आढळेल. हल्ली 5 ते 15 पुरेशी मानतात. मळमळ आणि उलटी ही सुरुवात, नंतर हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि आकडीही येऊ शकते. काही वेळा उलटी न होता थेट आकडीच येते, म्हणून "उलटी नाही, म्हणजे सुरक्षित" हा हिशेब चुकीचा आहे.

परिचारिकेने येथे दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, रुग्ण घरी थिओफायलिनची गोळी घेत होता का? घेत असेल, तर शिरेतून भरणा डोस (सुरुवातीचा मोठा डोस) देण्यापूर्वी डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार तुम्हाला आहे, नव्हे, ते तुमचे काम आहे. दुसरी, देण्याची गती. अमिनोफायलिनचा सुरुवातीचा डोस निदान वीस मिनिटांत, सलाइनमध्ये मिसळून जातो. सिरिंजने घाईत ढकलला, तर रक्तदाब कोसळू शकतो आणि हृदय बंदही पडू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके त्याची रक्तातील पातळी चढवतात. सिगारेट आणि रिफाम्पिसिन ती उतरवतात. क्षयाचे उपचार चालू असलेले रुग्ण आपल्या वॉर्डांत कमी नसतात, त्यामुळे हे शेवटचे नाव लक्षात ठेवा.

प्राथमिक उपायांना दाद न देणाऱ्या झटक्यात आता मॅग्नेशियम सल्फेट वापरतात : मोठ्या माणसाला 2 ग्रॅम, वीस मिनिटांत, शिरेतून. आपल्याकडचे 50 टक्क्यांचे 2 मिलिलिटरचे एक अँप्यूल म्हणजे 1 ग्रॅम. अंग गरम वाटते, रक्तदाब उतरू शकतो. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया (नी-जर्क) आणि श्वासाची गती पाहत राहावी, मॅग्नेशियमवरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी असावे. प्रसूतिकक्षात हेच औषध दिलेल्या सिस्टरांना हे शिकवावे लागत नाही.

मॉन्टेलुकास्ट ही रात्री घ्यायची गोळी निरुपद्रवी समजली जाते. अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च 2020 मध्ये तिच्यावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला, कारण काही रुग्णांत भयानक स्वप्ने, चिडचिड, नैराश्य, अगदी आत्महत्येचे विचारही आढळले. लहान मुलाच्या आईला "पोरगं हल्ली रात्री दचकून उठतं का?" इतके विचारले तरी पुष्कळ कळते.

प्रतिसाद 4 : सिंहगड रस्ता

मी परिचारिका नाही. तीस वर्षांचा दमेकरी आहे. रुग्णाच्या बाजूने दोनच गोष्टी सांगतो. धाप लागलेली असताना आम्हाला नाव, पत्ता, वय, आजाराचा इतिहास असे लांबलचक विचारू नका. "हो" किंवा "नाही" एवढ्यात उत्तर देता येईल असे विचारा, नाहीतर सोबत आलेल्याला विचारा. दुसरे, अंगदुखीचे इंजेक्शन देण्यापूर्वी "अशा गोळीने कधी दम लागला होता का?" हे जरूर विचारा. मला एकदा पाठदुखीसाठी डायक्लोफेनॅक दिले गेले आणि अर्ध्या तासात मी ऑक्सिजनवर होतो. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनही मला चालत नाही, हे त्यानंतर कळले. रक्तदाबासाठीचे प्रोप्रॅनोलॉल आणि काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब हेही दम्यात धोक्याचे असतात, असे माझ्या डॉक्टरांनी कार्डावर लिहून दिले आहे. डोळ्यांत टाकायच्या थेंबाने छाती आवळते, यावर घरच्यांचा विश्वास बसत नाही.

आमच्या भागात पावसाळा सरता सरता मोकळ्या प्लॉटांवर गाजरगवत कमरेइतके माजते. 1950 च्या दशकात ते भारतात प्रथम पुण्यातच दिसले म्हणतात. अभिमान वाटावा अशी ही नोंद नव्हे. त्या दिवसांत माझा प्रतिबंधक पंप एक दिवसही चुकला, तर रात्री हिशेब चुकता होतो.

प्रश्नकर्ती : दुसरी पाळी, पुणे

सर्वांची मनापासून आभारी आहे. आज त्या बाईंना घरी सोडायचे होते, म्हणून औषधवाले काकांनी सांगितल्याप्रमाणे मी त्यांना मागच्या औषधाविषयी विचारले. त्यांना उपकरणातून श्वासावाटे ओढायच्या भुकटीच्या कॅप्सूलचे औषध चार महिन्यांपूर्वीच लिहून दिले होते. "घेता का?" असे विचारले, तेव्हा "रोज दोन वेळा, न चुकता," असे उत्तर आले. मग मी म्हटले, "काकू, कशी घेता ते मला दाखवा ना." त्यांनी पाण्याचा पेला मागितला आणि कॅप्सूल तोंडात टाकायला हात वर केला. उपकरण घरी कपाटात आहे, असे त्या म्हणाल्या. ते नातवाने खेळण्यासारखे फिरवू नये म्हणून जपून ठेवले होते.

मी त्यांना काय आणि कसे शिकवावे? सोडायला अजून दोन तास आहेत.

प्रतिसाद : पेठेतला औषधवाला

हे आमच्याकडे महिन्यातून एकदा तरी घडते, त्यामुळे काकूंना हसू नका आणि रागावूही नका. औषधाचा आकार गोळीचा, म्हणून ते गिळले. यात त्यांची चूक नाही, दाखवले कोणी नाही ही चूक आहे.

नातेवाइकांना उपकरण आणायला पाठवा किंवा नवे घ्या. कॅप्सूलचा पारदर्शक भाग खाली करून ती चौकोनी भोकात पूर्ण बसवायची आणि बूड फिरवायचे, म्हणजे कॅप्सूल आत सुटी होते. मग तोंड बाजूला वळवून श्वास सोडायचा. उपकरणात फुंकर मारली, तर भुकटी ओलसर होऊन चिकटते. नंतर ओठ घट्ट मिटून जोरात आणि खोल श्वास घ्यायचा. फवाऱ्याच्या पंपात श्वास सावकाश घ्यायचा असतो, येथे जोरात; दोन्ही प्रकार वापरणारे इथेच गोंधळतात. दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखायचा, उघडून भुकटी उरली असल्यास पुन्हा एकदा ओढायची आणि शेवटी चूळ भरून थुंकायची.

तुम्ही एकदा करून दाखवा, मग त्यांना तीनदा करायला लावा, आणि सोबत येणाऱ्या सुनेला किंवा मुलाला समोर बसवून ठेवा.

प्रतिसाद : जुनी वॉर्डसिस्टर

एक पुरवणी. काकूंना जोरात श्वास ओढता येत नसेल, तर त्यांच्यासाठी हे उपकरणच बरोबर नाही. तसे दिसले तर सोडण्यापूर्वी डॉक्टरांना सांगून स्पेसरसह पंप लिहून घ्या. आणि "औषध नियमित घेत होत्या" ही केसपेपरवरची नोंद आजच दुरुस्त करा, नाहीतर पुढच्या खेपेस औषध लागू पडले नाही असे समजून कोणीतरी डोस वाढवेल.